पारा अंगात असलेला मुलगा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करताना मराठीचा काही उपयोग होतो का, असं मला नेहमी विचारतात. होतो, आणि चंचलपणाच्या शब्दांत तर फारच.

नोकरी, गाव, घर सतत बदलणाऱ्याला स्पॅनिशमध्ये 'कूलो दे माल आसिएन्तो' म्हणतात. आपण म्हणतो, याचं बूड एका जागी टेकत नाही. अर्थ मला मराठीतून आधी कळला, इंग्रजी नंतर सुचलं.

'अथोगे'नं मात्र आठवडा खाल्ला. अथोगे म्हणजे पारा. वळवळ्या पोराला 'हा नुसता अथोगे आहे' म्हणतात, आणि लटलट कापणाऱ्याला 'अथोगादो', म्हणजे अंगात पारा भिनलेला. १६०५च्या 'दोन किहोते' (आपण 'डॉन क्विझोट' म्हणतो) या कादंबरीत अंधारातून दिवे येताना बघून नायकाचा सेवक सांचो असाच कापतो. ही उपमा खाणीतून आलेली आहे. स्पेनमधल्या आल्मादेनला शतकानुशतकं पारा काढला गेला, आणि त्याची वाफ छातीत जाऊन कामगारांचे हात कायमचे थरथरायचे.

माझ्याकडच्या मजकुरात असेच एक आजोबा होते, कॉफी बशीत सांडणारे. आणि त्यांची बायको नातवाला कौतुकानं अथोगे म्हणत होती. एकाच घरात एकच शब्द, एकाचं दुखणं आणि दुसऱ्याचं बाळपण. इंग्रजी 'मर्क्युरिअल' म्हणजे घडीघडीला बदलणारी लहर. ती इथे नव्हती. मराठीत तर पारा चढतो तो रागाचा.

लहानपणी आमच्याकडे थर्मामीटर फुटला होता. शहाबादी फरशीवर पाऱ्याचे मणी पळत सुटले. आई पोस्टकार्डानं गोळा करत होती आणि म्हणाली, "जीव असल्यासारखा पळतोय बघ." अथोगे अरबीतून स्पॅनिशमध्ये आला, अरबीत पहलवीतून, म्हणजे जुन्या फारसीतून, आणि तिथे त्याच्या मुळाशी अर्थ आहे 'जिवंत'. आपल्या 'जीव'चाच तो नातलग. पाऱ्याला इंग्रजीत 'क्विकसिल्व्हर'ही म्हणतात, आणि त्यातल्या 'क्विक'चा जुना अर्थही जिवंत!

मग मी दोन्हीकडे क्विकसिल्व्हरच ठेवलं. नातवाच्या अंगात क्विकसिल्व्हर आहे, असं आजी म्हणते. आजोबांच्या अंगात ते शिरलं, असं पुढच्या पानावर येतं. संपादकांनी दुसऱ्या ठिकाणी शब्द बदलू का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं.