फुलपात्र दोन्ही हातांनी

उन्हातून कुणी दारात आलं की आधी गूळ-पाणी, मग कामाचं बोलणं. ही गावाकडची रीत शहरातल्या फ्लॅटमध्येही चालते, आणि चार-पाच वर्षांच्या पोरावर बिनधास्त सोपवता येते.

फुलपात्र स्टीलचं, बुडाशी जड असावं. काठापासून दोन बोटं रिकामं ठेवून भरावं. काठोकाठ भरलं की पोर पाण्याकडे बघत चालतं आणि उंबऱ्याला अडखळतं. एक हात बुडाखाली, दुसरा बाजूला. बोटं आत बुडता कामा नयेत. गुळाचा खडा सुपारीएवढा, वेगळ्या वाटीत.

पाणी माठातलं बरं. फ्रिजमधलं गारढोण पाणी घामाघूम माणसाला घोटभरच जातं. नवा माठ एक दिवस भरून ठेवून ते पाणी झाडांना घालावं, नाहीतर मातीचा वास येतो. घासायला नारळाची शेंडी, साबण नाही, कारण माती तो शोषून घेते. मुलं माठात थेट पेला बुडवतात, म्हणून शेजारी ओगराळं टांगावं.

खरी चूक होते ती बोलण्यात. ‘पाणी हवं का?’ असं विचारलं की दहातले बरेच जण भिडेपोटी ‘नको’ म्हणतात आणि पोराला वाटतं, झालं आपलं काम. न विचारता पाणी आणावं आणि ‘घ्या, काका’ म्हणावं. ते पिऊन होईपर्यंत तिथंच थांबावं, भांड्यासाठी हात पुढे करू नये, आणि मग ‘आणखी आणू?’

एवढं सगळं शिकवून एका कपानं पाणी फिरतं. कान तुटलेला, ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला, कामवाल्या मावशींचा म्हणून वेगळा ठेवलेला कप. तो का वेगळा, हे मुलाला कुणी सांगत नाही. पण पाहुण्यांना कुठलं भांडं आणि मावशींना कुठलं, हे त्याला शाळेत जायच्या आधी पाठ झालेलं असतं. पाण्यातला हा भेद आपल्याकडे किती खोल आहे ते महाडनं दाखवलं. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं केला होता, पण तो कागदावरच होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी प्यायलं, तर त्यांच्यावर हल्ले झाले आणि नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही. घरातला कप त्याच तळ्याचा धाकटा भाऊ. मुलाला गूळ-पाण्याची रीत शिकवण्याआधी तो कप हलवा, उलट क्रमानं जमत नाही.

गूळ-पाण्याची ही सवय मोठेपणी भलत्याच ठिकाणी दिसते. लग्नात पंगत उठत असताना ‘ड्रायव्हर जेवला का?’ असं कुणीतरी विचारतं. मीटिंगमध्ये चहा आणणाऱ्या शिपायाला नावानं हाक मारली जाते. अशी माणसं स्वतःला दयाळू वगैरे म्हणवत नाहीत, त्यांना ते जमाखर्चाइतकं साधं वाटतं.

आता दारात गप्पांना बसणारा पाहुणा कमी, पार्सल देऊन पळणारा जास्त. त्याला उभ्याउभ्या फुलपात्र अडचणीचं होतं. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पिशवी. त्याची बाटली मागून घ्यावी आणि भरून द्यावी. बाटलीचं तोंड अरुंद, ओगराळ्यानं निम्मं पाणी सांडतं, म्हणून मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर तोटीचा माठ ठेवलेला बरा.