पाठीला भिंत हवी

इंदूर, मंगळवार, रात्री

फौजेतून पस्तिशी-चाळिशीत घरी आलेल्या माणसाला सगळे सांगतात, "आता आराम करा." आघात संपला तरी धास्ती जात नाही (पीटीएसडी), आराम जमत नाही हेच तर दुखणं. पण तो डॉक्टरकडे आला तरी "डोकं ठीक आहे, फक्त झोप लागत नाही" एवढंच बोलतो. बोलू द्यावं. झोपेपासून सुरुवात केली तरी चालते.

हॉटेलात शिरला की आधी दार बघतो, मग भिंतीकडची खुर्ची धरतो. सीमेवर याच सवयीनं जीव वाचतो. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत मात्र ती सवय मेंदूला रोज पटवते की धोका होता, भिंत होती म्हणून वाचलास.

म्हणून ज्या जागा तो टाळतो त्यांची सोप्याकडून अवघडाकडे शिडी कागदावर मांडायची, प्रत्येकीच्या धास्तीला ० ते १०० गुण द्यायचे. सकाळी छप्पनला पोहे, पाठ रस्त्याकडे: ४०. शनिवारी संध्याकाळी राजवाडा: ६५. रात्री दहानंतर सराफ्याचा खाऊबाजार, गर्दीत उभं राहून भुट्ट्याचा कीस: ८५. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रात्रीची चित्ररथांची मिरवणूक, सगळ्यात शेवटी. खालच्या पायरीपासून, जमलं तर रोज, आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं. अर्धा-पाऊण तास लागतो.

बिघडतं ते इथंच. आकडा ऐंशीवर असताना माणूस निघून येतो, बाहेर पडताच हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो, पळालो म्हणून सुटलो. कानात इयरफोन, निघण्याआधी कँटीनच्या रमचे दोन पेग, ही चोरून आणलेली भिंतच. बायकोनंही पहिल्या दोनदाच सोबत जावं.

नको ती आठवण डोळे मिटून, आत्ता घडतंय अशी सांगायची आणि तिचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं, हा भाग मात्र थेरपिस्टशिवाय करू नये. शिडी आणि हे, दोन्ही मिळून जो उपचार होतो त्याला प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर म्हणतात: ८ ते १५ बैठका, बहुधा दीड-दीड तासाच्या. सुरुवातीला काहींची स्वप्नं वाढतात, आणि आधी सांगितलं नसेल तर तिसऱ्या बैठकीला खुर्ची रिकामी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील किंवा दारू हाताबाहेर गेली असेल, तर शिडी बाजूला, आधी ते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यावा.

दिवाळीच्या आठवड्यात नवी पायरी नको. सुतळी बॉम्ब कधी फुटेल ते कागदावर लिहिता येत नाही.