वाड्यातल्या संग्रहालयाची सुरक्षा: माझा अनुभव

आमचं संग्रहालय जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत आहे: नाणी, ताम्रपट, पोथ्या, पितळी मूर्ती, थोडी शस्त्रं. पगारी माणूस एकही नाही. सुरक्षेचा विषय निघाला की पहिलं नाव कॅमेऱ्याचं येतं. आम्ही कॅमेरे शेवटी ठेवले आणि हाच क्रम मी कुणालाही सुचवेन. कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही; सापडलेली वस्तू आपलीच आहे हे सिद्ध करायलाही तो पुरत नाही.

त्यासाठी लागतात नोंदी. प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून; सोबत माप, वजन, साहित्य, अक्षरं. 'ऑब्जेक्ट आयडी' हा आंतरराष्ट्रीय नमुना यासाठीच आहे. खरा वेळ खुणांना द्यावा. 'पितळी गणपती, उंची 14 सेंमी' अशा मूर्ती ढीगभर सापडतील. प्रभावळीची डावीकडून तिसरी पाकळी तुटलेली आणि बैठकीखाली झाळ दिलेली, अशी एकच. नोंदींची एक प्रत वाड्याबाहेर ठेवली. 100 वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, तिथेही हेच फोटो कामी येतात.

मग दारं. कुलूप भक्कम आणि कोयंडा चार लाकडी स्क्रूंवर, हे जुन्या वाड्यांत सर्रास दिसतं. पहारीने स्क्रू लाकडासकट निघतात. कोयंडा आरपार बोल्टने बसवायचा: गोल, गुळगुळीत डोकं बाहेर, नट आत. बिजागऱ्या बाहेरून असतील तर खिळीची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करायची. गज नसलेली मागची खिडकी आणि पडवीवरची कौलं विसरू नका.

कपाटांना साध्या काचेऐवजी 6.38 मिमीची लॅमिनेटेड काच घातली. फुटली तरी मधल्या प्लास्टिकच्या थरामुळे जागेवर राहते, हात घालायला वेळ लागतो. सुतार सवयीने काच धरणारी पट्टी बाहेरून ठोकतो. ती आतून हवी, नाहीतर पटाशीने पट्टी काढून अख्खी काच उतरवता येते. सोन्याची नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, कपाटात त्यांचे मोठे फोटो.

अलार्ममध्ये पॅनेलपेक्षा, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडतात त्या मुख्य यंत्रापेक्षा, बसवणीत जास्त चुका होतात. दार उघडल्याचं कळवणारा साधा चुंबकी सेन्सर लोखंडी दारावर नीट चालत नाही, लोखंड चुंबकाचा जोर खातं. शटरसाठीचा जाड सेन्सर घ्या. वायरीशी कुणी छेडछाड केली तर पॅनेलला कळावं म्हणून टोकाला एक छोटा रेझिस्टर लावतात, तो सेन्सरपाशी हवा. बसवणारे घाईत तो पॅनेलच्या पेटीतच जोडतात. मग बाहेर कुणी दोन वायरी एकमेकींना जोडल्या तर पॅनेलला दार बंदच दिसतं. पेटी उघडून स्वतः बघा. हालचाल टिपणारा सेन्सर उन्हाच्या खिडकीसमोर नको. त्याच्यावर पाल फिरली तरी भोंगा वाजतो, आणि रोज उगाच वाजणारा भोंगा आठवड्याभरात कुणीतरी बंद करून टाकतं. आमच्या पॅनेलमध्ये सिम आहे, ते तिघांना फोन लावतं. जुन्या 2जी पॅनेलमध्ये फक्त 4जी देणारं सिम चालत नाही, आणि रिचार्ज संपल्याचं पॅनेल सांगत नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुख्य वीज बंद करून दार उघडतो: 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी पेलते का, तिन्ही फोन येतात का, हे एकदमच कळतं.

कॅमेरे चार. प्रत्येकी 2 एमबीपीएसने अखंड रेकॉर्डिंग केलं तर 1 टीबीची डिस्क साधारण 11 दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. चोरी उशिरा लक्षात येणाऱ्या ठिकाणी हे फार कमी; रेकॉर्डिंग हालचालीपुरतं ठेवा किंवा मोठी डिस्क घ्या. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, कुलूपबंद कपाटात, आणि त्याचं घड्याळ वरचेवर तपासायचं.

स्वयंसेवकांच्या संग्रहालयात मला धोका दिवसाउजेडी जास्त वाटतो, आणि त्यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. प्रत्येक कपाटाच्या दाराआड त्याच कपाटाचा भरलेला फोटो चिकटवला आहे. बंद करताना दोघं जण तो समोर धरून कप्पा न् कप्पा ताडतात आणि वहीत सही करतात. एखादी वस्तू अभ्यासाला किंवा साफसफाईला काढली तर तिच्या जागी चिठ्ठी: नोंद क्रमांक, तारीख, कुणी काढली, कुठे आहे. चिठ्ठीशिवाय रिकामी जागा दिसली तर त्याच संध्याकाळी शोध सुरू, किल्ली फिरवण्याआधी.