बाईंचा र आणि माझा ळ

शाळेच्या स्मरणिकेच्या टीमचा मेल आला की आपापल्या घरच्या भाषेत लिहिलं तरी चालेल, म्हणून मराठीतच लिहितेय, डनीडिनमधल्या आपल्या मराठी घरांतून कोणीतरी वाचेलच. बाईंचं नाव घालत नाही, पण नव्वदच्या दशकात ज्यांनी या शाळेत एक वर्ष जरी काढलंय त्यांना लगेच कळेल, कारण दाराशी टार्टनचा, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचा, मफलर टांगलेला वर्ग एकच होता.

आम्ही १९९७ मधे बेळगावहून न्यूझीलंडला, इथे डनीडिनला आलो, बाबांना ओटागो युनिव्हर्सिटीत नोकरी लागली म्हणून. मी नऊ वर्षांची. इंग्लिश येत होतं मला, पण बेळगावचं, म्हणजे बर्ड, वर्ड, गर्ल सगळ्यातला र अगदी ठणठणीत, आणि इथली मुलं तर र गिळूनच टाकतात, त्यामुळे मी मोठ्याने वाचायला लागले की मागच्या बाकांवर हसू फुटायचं आणि मग मी वाचायचंच बंद केलं. पुढच्या वर्षी मी बाईंच्या वर्गात गेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उभं केलं, मी कसाबसा एक पॅराग्राफ वाचला, आणि बाई डोळे मिटून बसलेल्या. म्हणाल्या, परत वाच. मला वाटलं काहीतरी चुकलं. तर त्या वर्गाला सांगायला लागल्या की मी मूळची साउथलंडची, तिकडे स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी हा र जहाजातून आणला, आणि अख्ख्या न्यूझीलंडमधे तो तेवढ्या एका कोपऱ्यात टिकलाय, माझी आजी अस्साच बोलायची, इथे राहून माझा झिजला, हिचा बघा कसा शाबूत आहे. त्या दिवसापासून रोज सकाळचं वाचन माझ्याकडे. हसणं बंद झालं हे वेगळं सांगायला नको.

त्यांचा नातू आमच्याच वर्गात होता. वर्गात आजीला मिसेस अमुक म्हणायचं असा कडक नियम, पण तो विसरायचा आणि नॅना म्हणून हाक मारायचा. हळूहळू मीही शाळेबाहेर नॅनाच म्हणायला लागले. आईला ते फार विचित्र वाटायचं, बाईमाणसाला नाना काय म्हणतेस गं!

स्कॉटलंड त्यांच्यात किती भिनलं होतं ते कसं सांगू. शनिवारी आम्हा चारपाच मुलांना घेऊन गावात हिंडायच्या आणि हिंडता हिंडता शिकवायच्या. डनीडिन म्हणजे एडिनबराचंच गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं, नाव, प्रिन्सेस स्ट्रीट, जॉर्ज स्ट्रीट ही नावं तिकडचीच, नदीचं नावसुद्धा वॉटर ऑफ लीथ. १८४८ मधे जॉन विक्लिफ आणि फिलिप लेंग ही दोन जहाजं आली, त्यातल्या दुसऱ्यावर पाद्री थॉमस बर्न्स होते, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सचे सख्खे पुतणे. गावातल्या ऑक्टॅगन चौकात बर्न्सचा पुतळा आहे ना, १८८७ चा, त्याच्यासमोर उभं करून आमच्याकडून कविता म्हणून घ्यायच्या, भर रस्त्यात, थंडीने दात वाजत असताना. मला एक अक्षर कळायचं नाही पण र भरपूर असल्यामुळे माझी गाडी जोरात.

पण नुसतं किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) आणि बिस्किटं असं त्यांचं नव्हतं, आणि ते मला मोठं झाल्यावर जास्त जाणवलं. ब्रिटिश सरकारविरुद्धची कलोडनची लढाई १७४६ ची. ती हरल्यावर हायलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना किल्ट घालायला कायद्याने बंदी झाली, पकडलं तर सहा महिने तुरुंग, आणि तो कायदा १७८२ पर्यंत उठला नाही. मग पुढे जमीनदारांनी मेंढ्या चारायला गावंच्या गावं रिकामी केली. हे सांगताना बाईंचा आवाज बसायचा. आणि तिथेच न थांबता त्या म्हणायच्या की मेंढ्यांसाठी हाकललेले आमचे लोक इथे आले आणि दुसऱ्यांच्या जमिनीवर त्यांनीच मेंढ्या सोडल्या, हे पण लिहून घ्या. ओटागोची जमीन १८४४ मधे न्गाई ताहू या माओरी लोकांकडून २,४०० पौंडांना घेतलेली. १९९८ मधे, मी त्यांच्या वर्गात असतानाच, न्गाई ताहूंच्या जमिनीच्या दाव्याचा कायदा पास झाला, तेव्हा बाईंनी गणिताचा तास सोडून पेपरमधली ती बातमी अख्खी वाचून दाखवली. दहा वर्षांच्या पोरांना काय कळणार असं त्यांना कधीच वाटलं नाही. मी आज स्वतः शिकवते, आणि हे धाडस मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

आमच्या घरी त्यांचा जीव जडायला बाबा कारण झाले. स्कॉटिश लोकांत ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं की वर्ष चांगलं जातं म्हणतात, आणि त्याने येताना कोळसा आणायचा असतो. बाईंच्या घरात सगळे तांबूस नाहीतर पिकलेल्या केसांचे. मग काय, दरवर्षी बारा वाजून गेले की आमचे बाबा हातात कोळशाचा तुकडा आणि आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्यांच्या दारात हजर. बाबांनी एकदा सांगितलं की बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यांच्या बँडमधे बॅगपाइप असतात, मी लहानपणापासून ऐकत आलोय, तर बाईंचा विश्वासच बसेना, किती वेळा परत परत विचारलं.

२५ जानेवारीला बर्न्सच्या वाढदिवसाचं जेवण. इथे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून त्यांच्या घरीच. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यासाठी हॅगिस (एरवी मेंढीच्या मांसाचा स्कॉटिश पदार्थ) मसूर आणि ओट्सचं करायच्या, आईने एके वर्षी त्यात गोडा मसाला घातला आणि मग दरवर्षी घालावाच लागला.

माझी आजी १९९९ मधे सहा महिने राहायला आली होती, नऊवारीत. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण बाई आल्या की आजी सरसावून बसायची. एकदा बाईंनी त्यांच्या वडिलांचा पाइप बँडमधला किल्ट आणून पलंगावर पसरला, आठ यार्ड कापड, मागे चुण्या अशा घातलेल्या की चौकड्यांची नक्षी कुठेही तुटत नाही. आजी बोटाने एकेक चुणी मोजत बसली, मग स्वतःच्या निऱ्या सोडून परत घालून दाखवल्या, काष्टा कसा खोचायचा तेही, आणि मला म्हणाली, सांग बाईंना, आमचं एक वार जास्त आहे. मी सांगितलं तर बाई इतक्या खूष झाल्या की आजीचा हात धरून बराच वेळ सोडलाच नाही.

त्यांना मराठीतलं एक अक्षर पाहिजे होतं, ळ. गेलिकमधे ल चे दोनतीन प्रकार असतात म्हणे, म्हणून त्यांना वाटायचं आपल्याला ळ जमायलाच हवा. शाळा हा शब्द त्यांनी निवडला. शाला, शाडा, शारा, वर्षानुवर्षं. मी हायस्कूलला गेले, कॉलेजला गेले, भेटले की आधी शाळा म्हणून दाखवणार आणि माझ्या तोंडाकडे बघणार, मी मान हलवली की परत.

बाई गेल्या तेव्हा मी ऑकलंडहून आले. पायपर होता, शवपेटीवर त्यांच्या वडिलांचाच किल्ट पसरलेला. नंतर चहाला नातू माझ्याकडे आला, आता तोही बाप झालाय, आणि त्याने मला एक छोटी वही दिली. आत माझ्याकडून आणि आजीकडून ऐकलेले शब्द, इंग्लिश अक्षरांत. आजी, लाडू, निऱ्या, काष्टा. आणि एका पानावर फक्त शाळा, तीसेक वेळा, प्रत्येक ळ खाली दोन रेघा, आणि शेवटच्या ओळीत एकदा देवनागरीत.