उजळणाऱ्या कपड्यांची आमची वाटचाल

दिवे बसवलेले कपडे बनवणं हा आमच्या छोट्या कंपनीचा व्यवसाय. जॅकेट, स्टोल, बेल्ट आणि नर्तकांचे पोशाख, एवढाच पसारा. आम्ही या धंद्यात उतरलो तेव्हा तंत्र तयारच होतं. कपड्यावर शिवता येणारा लिलीपॅड हा सर्किट बोर्ड २००७ मध्येच बाजारात आला होता आणि क्यूटसर्किट या फॅशन कंपनीने २००९ मध्ये २४,००० एलईडींचा गॅलक्सी ड्रेस करून दाखवला होता. कापडावर दिवे लावता येतात हे सिद्ध झालं होतं. पण असा कपडा माणूस एकदा हौसेने घालतो, तो पुन्हा कपाटातून बाहेर का काढेल? आमचं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

त्यासाठी आम्ही डिझाइन थिंकिंगची वाट धरली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेमुळे तिच्या पाच पायऱ्या सगळीकडे पोहोचल्या आहेत: वापरणाऱ्याला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना करा, तो वापरून बघा. यातल्या कल्पना काढण्याच्या पायरीचं जरा जास्तच कौतुक होतं. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या कुणीही लावू शकतं. खरा कस लागतो तो प्रश्न मांडताना.

सुरुवातीला आम्ही सायकलस्वार, रात्री धावणारे आणि नर्तक यांच्याशी बोललो. बोलण्यापेक्षा बघण्यातून जास्त कळलं. जॅकेट घातल्यावर जवळजवळ प्रत्येकाचा हात आधी बटणाकडे जायचा, आणि तो दिवे बंद करायला. रस्त्यावर दिसायला हवं, पण दारातून आत शिरल्यावर चारचौघांत चमकायला नको, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा 'जास्तीत जास्त उजळणारं जॅकेट' हा विषय आम्ही बाजूला ठेवला आणि प्रश्न असा लिहिला: हवं तेव्हा दिसता यावं आणि नको तेव्हा साध्या कपड्यात वावरता यावं, यासाठी काय करावं लागेल? बटण बाहीच्या कडेला आलं ते यातूनच. हातमोजा घातलेला असला तरी न बघता चाचपून सापडेल, असा उंचवटा त्याला दिला.

पहिल्या नमुन्यांत एकही दिवा नव्हता. बॅटरीच्या वजनाची वाळूची पुरचुंडी लोकांच्या स्वतःच्याच जॅकेटमध्ये टाचून दिली आणि दिवसभर वापरायला सांगितलं. गळ्याजवळचं वजन मान ओढतं, खिशातलं पळताना आपटतं, पाठीमागे कमरेच्या वर ठेवलं तर जाणवत नाही. हे कळायला सुईदोऱ्यापलीकडे काहीच लागलं नाही. अशा फुकटच्या नमुन्यांवर माझा फार विश्वास आहे.

धुण्याच्या प्रश्नाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. चांदीचा मुलामा असलेला, वीज वाहून नेणारा धागा हाताळायला मऊ, मशीनवरही बरा चालतो, पण घाम आणि साबणाने मुलामा झिजत जातो. धाग्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढला की लांबचे दिवे मंद पडतात. स्टेनलेस स्टीलचा धागा धुण्याला टिकतो, पण गाठ नीट बसत नाही आणि सुटलेलं टोक शेजारच्या ओळीला टेकलं की शॉर्ट सर्किट. आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी त्यावर उपाय काढला. धन आणि ऋण ओळी दुमडीच्या दोन वेगवेगळ्या थरांत घालायच्या आणि प्रत्येक गाठ अस्तराखाली चिकटवायची. बॅटरी आणि दिवे चालवणारा कंट्रोलर यांची डबी धातूच्या टिचबटणांवर बसवली. बटणं डबी कपड्याला धरून ठेवतात आणि वीजही पोहोचवतात. धुवायच्या आधी टक टक करून डबी काढायची, एवढंच. उलटी बसू नये म्हणून एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकच बटण ठेवलं.

प्रकाशाबद्दलही असंच झालं. रंग बदलणारा एक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. चाळीस दिवे म्हणजे २.४ अँपिअर, आणि २,००० मिलिअँपिअर-तासांची लहान लिथियम बॅटरी त्यात पन्नास मिनिटांच्या आसपास संपते. मात्र अंधारात पाव तेजही डोळ्याला पुरतं. वर ऑर्गेन्झा या पातळ, पारदर्शक कापडाचे दोन थर थोडं अंतर सोडून लावले की टोचणारे ठिपके जाऊन उजेड कापडभर पसरतो. बॅटरी टिकते आणि घालणाऱ्याचा चेहराही छान दिसतो. झपाझप लुकलुकणारा मोड आम्ही कुठल्याच कपड्यात देत नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारी उघडझाप प्रकाशसंवेदी अपस्मार (लुकलुकत्या उजेडाने फीट येणं) असलेल्यांना धोक्याची ठरू शकते आणि नर्तकाच्या समोर कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. मागणी येते, आम्ही नाही म्हणतो.

आता वापरणाऱ्यांना भेटायला जाताना शिवणकाम करणाऱ्या ताईही बरोबर असतात. कोपर वाकताना शिवण कुठे ताणली जाते, हे त्यांना आमच्याआधी दिसतं. सध्या त्याच कोपरावर काम चालू आहे. तिथला धागा सरळ न नेता नागमोडी टाक्याने नेऊन बघतोय, म्हणजे कापड ताणलं तरी धाग्याला ढील मिळेल. नर्तकांकडे हे नमुने सरावासाठी दिले आहेत.