सहा वाकळा आणि एक आत्या

आमच्या घरातल्या नऊ वाकळांपैकी सहा सध्या दिवसा माजघरात दोरीवर असतात. रात्री त्या अंथरुणात परततात, कारण डिसेंबरात सांगलीला नदीकडून गारठा येतो आणि घरच्यांना माझ्या रेकॉर्डिंगशी काही देणंघेणं नाही. सकाळी पुन्हा दोऱ्या ताणायच्या, वाकळा टांगायच्या, मधे स्टूल, समोर माइक आणि स्टुलावर ब्याऐंशी वर्षांची आत्या. "अरे, मला गायला बोलावलंयस की बाळंतिणीच्या खोलीत कोंडलंयस?" हे तिचं पहिलं वाक्य.

आत्याला जात्यावरच्या पन्नासेक ओव्या पाठ आहेत. त्या नीट टिपून ठेवाव्यात, एवढाच बेत होता. पहिल्या दिवशी उघड्या माजघरात माइक लावून सरळ रेकॉर्ड केलं. आवाज तिचाच, पण डब्यात बसून गायल्यासारखा. मला हवा होता तो ऐसपैस, स्टुडिओतला. मग सॉफ्टवेअरात रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागचा घुमारा, वाढवला. आधी 'हॉल', मग 'कॅथेड्रल'. आत्या माजघरातून निघाली ती थेट कृष्णेच्या पैलतीरावर जाऊन उभी राहिली. शब्द मात्र मधल्या पाण्यात बुडाले.

चूक कुठं होती ते कळायला आठवडा गेला. माजघराची भिंत आत्यापासून दीड मीटरवर. आवाज तिथं जाऊन परत येतो तो तीन मीटरचा प्रवास, म्हणजे जेमतेम नऊ मिलिसेकंद. इतक्या लवकर परतलेला आवाज कानाला वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजातच कालवला जातो. पण त्या कालवणावरून कानाला खोलीच्या मापाचा अंदाज मात्र येतो. त्यावर देवळाचा घुमारा चढवला तर देवळात खोकं ठेवून आत कोणी गातंय, असंच वाटणार. आधी खोली बाहेर काढायची, मगच देऊळ आत आणायचं. वाकळा त्यासाठी.

यात मी काही नवीन करत नव्हतो. 1895 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की बोललेला शब्द पाचेक सेकंद विरायचाच नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री जवळच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, सभागृहात मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि नाद किती वेळ टिकतो ते मोजायचा. आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी. खोली जितकी मोठी तितका नाद लांबतो आणि मऊ सामान जितकं जास्त तितका तो लवकर विझतो, याचं गणित त्यातूनच निघालं. मी हे घरात कौतुकानं सांगितलं. "तो बरा, अहो," बायको म्हणाली, "परत आणून तरी ठेवायचा."

वाकळांमुळे आवाज कोरडा ठणठणीत झाला. माइक वीतभर अंतरावर, म्हणजे आत्याच्या खर्जाला अंग आलं. आता देऊळ आणायचं तर कुठलं, हा प्रश्न होता. तो आत्यानंच सोडवला, तिच्या नकळत. तिचं सासर सांगलीजवळच्या हरिपूरचं. तिथं हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे, तोंड अरुंद आणि पोट मोठं. 2005 च्या महापुरात त्यांतली कितीतरी पेवं गेली. चहा पिता पिता ती सांगत होती, "पेव रिकामं झालं की दीर वरून हाक मारायचे. ती खाली जायची, मग जरा थांबायची आणि गोल होऊन वर यायची. हळद असली की मात्र काही नाही. हळद आवाज गिळायची."

जरा थांबायची! मी चहा तसाच टाकून उठलो. घुमारा आवाजाच्या अंगावर चढता कामा नये, किंचित मागून यायला हवा. सॉफ्टवेअरात याला प्री-डिले म्हणतात. मी तो तीस मिलिसेकंद केला. तेवढ्यात आवाज दहा मीटर जाऊन येतो, म्हणजे भिंत पाच मीटर मागं सरकली. तेवढ्या फटीतून शब्द स्वच्छ बाहेर पडला. मग घुमाऱ्यातला खर्ज छाटला, नाहीतर सगळं गढूळ होतं. आत्याला मधोमध ठेवलं आणि घुमारा डावी-उजवीकडं पसरला. रिव्हर्ब किती, याचं माप आमटीतल्या मिठासारखं. आहे हे जाणवलं की थोडा जास्तच झालाय, जरा मागं यायचं.

काल आत्याला हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून तिनं दोन ओव्या ऐकल्या. "हे मी संगमेश्वराच्या देवळात कधी गायले रे?" मी खूश. पण तिसऱ्या ओवीत स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी सापडली आहे, सहा वाकळा भेदून आलेली. ती आवाजाच्याच ट्रॅकवर असल्यानं तिलाही तोच घुमारा, तेच तीस मिलिसेकंद. आत्यानं एक डोळा उघडला. "आणि देवळात भात कोणी लावलाय?"