बैल पळाला, गाडी यार्डात अडकली

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री कुंडईच्या चढावर माझी वॅगनार गटारात गेली. बैल आडवा आला. पावसात गुरं डांबरावर येऊन बसतात हे गोव्यात रात्री गाडी चालवणाऱ्या कुणाला वेगळं सांगायला नको, पण हा बसलेला नव्हता, चांगला उभा होता, काळाकुट्ट, आणि त्यात समोरून येणाऱ्या बसचे हेडलाईट डोळ्यात. मी स्टेअरिंग डावीकडे मारलं तरी त्याची मागची बाजू लागलीच आणि गाडी गटारात. बैलाने वळून एकदा माझ्याकडे बघितलं आणि गेला निघून. मला काही झालं नाही, खांदा दोन दिवस दुखला तेवढाच.

अपघात एवढाच. लिहायला बसलेय ते पुढच्या नऊ दिवसांबद्दल, कारण गाडी ठोकली त्याचा मनस्ताप एकवेळ विसरले, पण ठोकलेली गाडी नुसती उभी राहिली त्याचे जे पैसे गेले ते अजून पोटात दुखतं.

क्रेन दहा मिनिटांत आली. मी कुणालाच फोन केला नव्हता! बाईकवरची दोन मुलं थांबली होती, त्यातल्या कुणीतरी केला असणार, की यांचं आपापसात काही असतं देव जाणे. रात्रीचे पावणेदहा, धो धो पाऊस, मिस्टर बोटीवर, घरी आई आणि लेक, आणि फोनची बॅटरी अकरा टक्के. क्रेनवाला उतरला, छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाला, "बाय, भिऊं नाका." खरं सांगते, त्या क्षणी मला तो देवच वाटला. मी रेट विचारला तर म्हणे इन्शुरन्स सगळं देतं, तुम्ही कशाला टेन्शन घेता, आणि गाडी इथे ठेवली तर पोलीस येऊन हजारोंचा दंड मारतील. मग त्याने एक पॅड पुढे केलं, मोबाईलच्या उजेडात मी सही केली. कागद भिजून मऊ झाला होता, पेन दोनदा त्यातून आरपार गेलं. रकमेची जागा कोरी होती. गाडी कुठे नेणार हेही त्यावर नव्हतं. मी, जी ऑफिसात लोकांचे अर्ज एक रकाना रिकामा असला तर परत पाठवते, तीच मी.

(दंडाचं नंतर कळलं. रस्त्यात अडथळा करणाऱ्या बंद गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अपघातातली गाडी असेल तर तो तपासणीचे सोपस्कार संपल्यावरच लागू होतो. हजारो वगैरे काही नाही. पण हे पावसात गटाराच्या कडेला उभं असताना कोण वाचतं.)

दुसऱ्या दिवशी उपासाचा साबुदाणा गाडीच्या डिकीत राहिला म्हणून आईने कटकट केली तेव्हा पॉलिसी काढली. आणि तिसऱ्या पानावर बघते तर रोडसाइड असिस्टन्स! १९९ रुपये भरून मी ते ॲड-ऑन घेतलं होतं. चोवीस तासांचा टोल फ्री नंबर, जवळच्या गॅरेजपर्यंत फुकट टोइंग. कुर्टीचा आमचा नेहमीचा मेकॅनिक तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. एक फोन केला असता तर. मिस्टरांना व्हॉट्सॲपवर सांगितलं तर ते आधी हसले आणि मग गप्प झाले, बोटीवरून भांडायला रेंज पुरत नाही हे एक बरं असतं.

त्याच पॉलिसीत खाली बारीक अक्षरात दुसरं रत्न होतं. अपघातानंतर गाडीचं संरक्षण, ती जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेणं आणि दुरुस्तीनंतर परत पोचवणं, हे सगळं मिळून कंपनी देणार जास्तीत जास्त १,५०० रुपये. खाजगी कारसाठीचा हा आकडा २००२ च्या मोटर टॅरिफपासून, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या ठरवून दिलेल्या दर-नियमांपासून, चालत आलाय. जादा प्रीमियम भरून तो वाढवून घेता येतो, पण मला तसं कोणी कधी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणजे "इन्शुरन्स सगळं देतं" मधलं सगळं ते एवढं. आणि गंमत बघा, त्याच पॉलिसीची अट अशी की अपघात झाला की गाडी बेवारस सोडायची नाही, आणखी नुकसान होऊ नये म्हणून काळजी घ्यायची. काळजी घ्या, पण पंधराशेत घ्या.

बरं. क्लेम त्याच दिवशी नोंदवला, पोलीस स्टेशनात जाऊन डायरी एंट्री करून आले. तिथला हवालदार चांगला होता, म्हणाला दुसऱ्या कुणाला इजा नाही, गाडी आम्हाला नको, तुमची तुम्ही हलवा. बाहेर पडताना कंपाउंडमध्ये बघितलं तर दहा-पंधरा स्कूटर नि एक टेम्पो, सगळ्यांवर वेली चढलेल्या, टेम्पोच्या केबिनमध्ये चक्क अळू उगवलेलं. कायदा म्हणतो तपासणीसाठी नेलेली अपघाताची गाडी सोपस्कार झाल्यावर चोवीस तासांत मालकाला परत द्यायची, हे कलम १३६, आणि सुप्रीम कोर्टानेही २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई केसमध्ये बजावलंय की जप्त गाड्या ठाण्यात सडत ठेवू नका, बाँड घेऊन सोडा. अळूला हे कोण सांगणार. तेव्हा मला वाटलं आपली गाडी पोलिसांकडे नाही म्हणजे आपण सुटलो.

गाडी होती क्रेनवाल्याच्या ओळखीच्या यार्डात, आत कुठेतरी डोंगरावर, पत्र्याची शेड, एक कुत्रा, एक गॅरेज. गाव सांगत नाही. नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेयर चौथ्या दिवशी आला. तोपर्यंत गाडी उघडायची नाही असं सांगितलेलं, ते बरोबरच आहे, त्याने बघण्याआधी काही खोललं तर क्लेमला अडचण येते. सहाव्या दिवशी गॅरेजने एस्टिमेट दिलं, १,६८,००० रुपये. माझ्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, २,१०,०००. मला काही कळलं नाही, पण सर्व्हेयरने फोनवर सांगितलं की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे ती दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं धरतात. दोन लाख दहाचे ७५ टक्के म्हणजे १,५७,५००. एस्टिमेट बरोब्बर त्याच्या थोडं वर. बंपर, रेडिएटर, कंडेन्सर, एक हेडलाईट, डावं चाक नि खालचे आर्म, एवढ्याचे एक लाख अडुसष्ट हजार? त्यात पूर्ण डॅशबोर्ड बदलायचा होता, ज्याला ओरखडासुद्धा नव्हता. कुर्टीच्या मेकॅनिकला फोटो पाठवले तर म्हणाला, "वयनी, गाडी हांगा हाडा, हांव करतां." म्हणजे इकडे आणा, मी करतो.

मग नवव्या दिवशी गाडी न्यायला गेले, बरोबर दादाला घेऊन. तिथे मालकाने बिल काढलं. तेच पॅड. टोइंग ७,५००, गटारातून ओढून काढल्याचे रिकव्हरी चार्ज वेगळे २,०००, पार्किंग रोजचे ४५० प्रमाणे नऊ दिवसांचे ४,०५०, आणि दुरुस्ती इथे करत नाही म्हणून एस्टिमेट चार्ज ३,०००. वर १८ टक्के जीएसटी २,९७९. एकूण १९,५२९ रुपये. पार्किंगचा शब्द नऊ दिवसांत एकदाही कुणी काढला नव्हता, मी तीनदा फोन केला होता तेव्हा "गाडी सेफ आसा" एवढंच.

मी म्हटलं निदान डिकी तरी उघडू द्या, सामान आहे. मालक म्हणाला आधी पैसे, मग चावी. दादा तापला, मी त्याला बाहेर नेऊन बसवलं, आणि ऑफिसातल्या एका मॅडमचे मिस्टर वकील आहेत त्यांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, बिलावर जीएसटी नंबर आहे का. मी बघितलं. नाही. वर नुसतं गणपतीचं चित्र आणि दोन मोबाईल नंबर. ते म्हणाले ज्याचं रजिस्ट्रेशन नाही त्याला जीएसटी घेताच येत नाही, तिथून सुरुवात कर. दुसरं, गाडी अडवून ठेवायचा हक्क. करार कायद्याचं कलम १७० असं की ज्या वस्तूवर कुणी आपलं श्रम किंवा कसब लावून काम केलंय त्या कामाच्या पैशासाठी तो ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. शिंप्याने शर्ट शिवला, पैसे मिळेपर्यंत शर्ट त्याच्याकडे. पण वस्तू नुसती जागेवर उभी ठेवली याला श्रम नि कसब कसं म्हणणार? तसा करार असेल तर गोष्ट वेगळी, आणि तू सही केलेल्या कागदावर पार्किंगबद्दल काही लिहिलं होतं का? मी म्हटलं त्यावर काहीच लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, पहिल्यांदाच तुझा आळस कामाला आला.

मालकाला हे सांगितलं तर त्याचं पहिलं वाक्य, "बाय, माका कायदो शिकोवं नाका." दुसरं वाक्य जीएसटीबद्दल, "ते राहू दे मग." तो आकडा त्याने पेनाने खोडला, इतक्या सहज की मला वाटलं रोजच खोडत असणार. मग आमचं जे चाललं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चालतं तसंच, फक्त मासळीऐवजी मध्ये वॅगनार. मी म्हटलं टोइंगची पावती द्या, रिकव्हरीची द्या, ती मी देते, गाडी खरंच गटारात होती, तुमच्या पोरांनी पावसात तासभर मेहनत केली. एस्टिमेटचे तीन हजार देणार नाही, हा चार्ज आधी सांगितला नव्हता आणि डॅशबोर्ड धड आहे. पार्किंगचे तो चार हजारांवरून दोनवर आला, मी शून्यावरून पाचशेवर गेले. मध्येच मी १९१५ लावते म्हटलं, ही ग्राहक हेल्पलाईन, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी लागत नाही हेही वकिलांनी सांगितलेलं ते मी पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं. घाबरला असं नाही, कंटाळला. शेवटी १०,५०० वर तुटलं: साडेसात, दोन आणि पार्किंगचे हजार. पावतीवर मी स्वतःच्या अक्षरात "तक्रारीचा हक्क राखून" लिहून सही केली, या वेळी कोरडा कागद होता.

डिकी उघडली. साबुदाणा ठीक होता. एकादशीसाठी घेतलेली डझनभर साल्दाट्टी केळी मात्र नऊ दिवस बंद गाडीत, जुलैच्या दमटात, काय सांगू, दादा चार पावलं मागे गेला आणि तो कुत्रासुद्धा. मालक नाक धरून म्हणाला क्लीनिंग चार्ज मी लावला नाही हे बघा. हसू आलं मला, कितीही चिडलेले असले तरी.

तिथून कुर्टीला दुसऱ्या टोइंगचे २,२०० गेले, कारण रोडसाइडवाले म्हणाले अपघात एक तर टोइंग एकदाच, आणि तेही घटनास्थळावरून. मेकॅनिकचं बिल झालं ८९,०००, त्यातले ६१,००० कंपनीने दिले, झिरो डेप, म्हणजे भागांची घसारा न कापता पूर्ण किंमत देणारं ॲड-ऑन, घेतलेलं नव्हतं, आणि ते नसलं की प्लॅस्टिक नि रबरचे भाग निम्म्या किमतीत धरतात. सेटलमेंटच्या कागदावर टोइंगची ओळ होती, समोर १,५००. बाकी ११,२०० माझ्या खिशातून.

मेकॅनिकने गाडी देताना विचारलं त्या रात्री मला का नाही फोन केला. मी म्हटलं बॅटरी अकरा टक्के होती. तो म्हणाला अकरा टक्क्यांत एक फोन होतो. आता त्याचा नंबर आणि पॉलिसीचा टोल फ्री नंबर सनवायझरला सेलोटेपने चिकटवलाय, लेकीने तिच्या वर्गातल्या स्केचपेनने लिहिलाय, शून्याच्या आत स्मायली काढलेत. मिस्टर म्हणतात मोबाईलमध्ये सेव्ह कर की, पण माझा आता मोबाईलवर विश्वास नाही.

परवा पणजीहून येताना कुंडईच्या चढावर तीच क्रेन उभी, हुकाला कुणाचीतरी पांढरी स्विफ्ट, बाजूला एक मुलगा पॅडवर सही करत होता. मी गाडी हळू केली, काच खाली केली आणि ओरडले, "रक्कम लिहून घे रे आधी!" मुलाने मान वर केली. क्रेनवाल्यानेही केली, मला ओळखलं, आणि छत्री दुसऱ्या हातात घेऊन मला टाटा केला. मागून बस हॉर्न मारत होती, मी निघाले.